संदर्भांची मोजदाद आणि एकदाच येणारा पक्षकार



 कायदा आणि समाज यांच्या सांध्यावर लिहिणाऱ्या नियतकालिकाचे मोल कशावरून ठरवायचे, या एकाच प्रश्नावर आज बोलायचे आहे. हल्ली त्याचे उत्तर एका आकड्यात दिले जाते. त्यातल्या लेखांचे संदर्भ इतरांनी किती वेळा दिले तो आकडा पाहायचा, आणि त्यावरून नियतकालिकाची, लेखकाची, पुढे त्या लेखकाच्या नोकरीचीही प्रतवारी लावायची. या आकड्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे एका प्रत्यक्ष अंकाच्या आधारे तपासून पाहू.

अमेरिकेत १९६४ साली 'लॉ अँड सोसायटी असोसिएशन' स्थापन झाली आणि १९६६ पासून तिचे 'लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू' निघू लागले. आपल्या क्षेत्रातले हे सर्वांत मानाचे नियतकालिक. त्याच्या नवव्या खंडाचा पहिला अंक १९७४ साली आला. त्यात मार्क गॅलंटर यांचा एक दीर्घ लेख आहे. कोर्टात 'आहे रे' वर्गच पुढे का राहतो, हा त्याचा विषय. न्यायाधीश निःपक्ष असला, कायदा समान असला, तरीही असे का घडते? गॅलंटर यांचे उत्तर पक्षकारांच्या स्वरूपात होते. विमा कंपनी, सावकारी पेढी, सरकारी खाते कोर्टात पुन्हा पुन्हा येतात. अपघातात जखमी झालेला माणूस, घटस्फोट मागणारी बाई आयुष्यात एखाद्याच वेळी येतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्याला कागदपत्रे आधीच नीट करून ठेवता येतात, अनुभवी वकील बांधून ठेवता येतो. मुख्य म्हणजे कोणता दावा तडजोडीत मिटवायचा आणि कोणता निकालापर्यंत न्यायचा हे तो निवडतो. आजचा दावा हरला तरी चालेल, पण उद्याचा नियम आपल्या बाजूचा हवा, असा हिशेब त्याला परवडतो. एकदाच येणाऱ्याला आजचाच निकाल हवा असतो. त्याच अंकात चार्ल्स मॉरिसन यांचाही लेख आहे. हरियाणातल्या अंबाला जिल्हा न्यायालयातले मुनशी, म्हणजे वकिलांचे कारकून, खेड्यातला अशील आणि शहरातला वकील यांच्यामधला दुवा कसे होतात, याचे ते जवळून केलेले निरीक्षण आहे.

पुढे या दोन लेखांचे काय झाले? गॅलंटर यांचा लेख या विद्याशाखेतल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक झाला. त्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९९९ मध्ये, त्याच नियतकालिकाने त्यावर खास अंक काढला. कॅनडा, इस्रायल, फिलिपाइन्स अशा दूरदूरच्या न्यायालयांवर त्याचे प्रमेय तपासले गेले. मॉरिसन यांचा लेख मात्र भारतातल्या जिल्हा न्यायालयांचा अभ्यास करणाऱ्या मोजक्या लोकांनाच ठाऊक राहिला. हा फरक गुणवत्तेचा आहे, असे मला वाटत नाही. गॅलंटर यांच्या संकल्पना कुठल्याही देशातल्या कोर्टाला लावून पाहता येतात. मॉरिसन यांचे निरीक्षण समजून घ्यायला अंबाल्याच्या आवारात मनाने तरी उभे राहावे लागते. आपल्याकडे तालुका न्यायालयात गरिबाला न्याय कसा मिळतो किंवा कसा नाकारला जातो हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला दोन्ही लेख हवेत, आणि आधी कदाचित मॉरिसनच हवा. संदर्भांच्या संख्येला हे कळत नाही. कल्पना किती दूर गेली तेवढे ती मोजते. जिथे निपजली तिथे ती किती खोल गेली हे तिच्या कक्षेत येत नाही.

बरे, जो लेख गाजला त्याला तरी या आकड्याने न्याय दिला का? नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढण्याची रूढ रीत तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी किती संदर्भ मिळाले, ते त्या लेखांच्या संख्येने भागायचे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली संदर्भसूचीची कल्पना मांडली ती विज्ञानातले साहित्य शोधणे सोपे व्हावे म्हणून, आणि प्रयोगशाळेतल्या विज्ञानाला दोन वर्षांचे माप पुष्कळदा पुरतेही. पण या रीतीने १९७४ च्या लेखाचे योगदान १९७५ आणि १९७६ या दोनच वर्षांच्या आकड्यांत धरले जाईल. नंतरच्या अर्धशतकात जगभरच्या अभ्यासकांनी त्याचे जे ऋण मान्य केले, त्याने नियतकालिकाच्या आकड्यात एका दशांशाचीही भर पडत नाही. आपल्या विषयाचा स्वभावच संथ आहे. कायदा होतो, मग नियम होतात, मग दावे लागतात, अपिले होतात. कायद्याने लोकांचे काय केले हे सांगणारा पहिला प्रामाणिक अभ्यास हाती येईपर्यंत दोन वर्षांची खिडकी केव्हाच बंद झालेली असते. शिवाय कायद्याचा अभ्यासक संदर्भ तळटीपांत देतो, आणि 'उपरोक्त' एवढ्या शब्दावर काम भागवतो. लेखाअखेरच्या सूचीवर चालणाऱ्या यंत्राकडून त्यातले बरेच निसटते. न्यायालयाचा निकाल तर या यंत्राच्या लेखी लेखनच नव्हे. गॅलंटर यांचा राखीव जागांवरचा ग्रंथ १९८४ चा. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. देशातल्या कोट्यवधी लोकांच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी निगडित असलेल्या त्या निकालातला उल्लेख या मोजणीत शून्य भरतो.

याहून बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला युक्तिवाद तुमच्यापैकी अनेकजण वर्गात शिकवतात. त्या पत्रातून स्त्री संघटनांचे देशव्यापी आंदोलन उभे राहिले, विधी आयोगाने अहवाल दिला आणि १९८३ साली दंडसंहिता व पुरावा कायदा बदलले. पोलीस कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. समाजलक्ष्यी कायदेविषयक लेखनाचा यापेक्षा मोठा परिणाम आपल्या देशात क्वचितच झाला असेल. आजच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात भरायचे म्हटले तर या लेखनाला रकानाच सापडणार नाही. ते पत्र आहे, शोधनिबंध नव्हे. त्याला चार लेखक आहेत, म्हणजे श्रेयही वाटून घ्यावे लागेल.

माझे म्हणणे असे की संदर्भांची ही व्यवस्था गॅलंटर यांनी वर्णन केलेल्या कोर्टासारखीच चालते. मोठे प्रकाशन समूह, श्रीमंत विद्यापीठे, एकमेकांचे संदर्भ सहज देणारी अभ्यासकांची जाळी हे इथले पुन्हा पुन्हा येणारे पक्षकार. कोणते नियतकालिक सूचीत घ्यायचे, काय मोजायचे हे नियम घडवण्यात त्यांचा हात असतो. लेख घेण्याआधी आमच्याच नियतकालिकाचे संदर्भ वाढवा, असा दबाव काही संपादक लेखकांवर आणतात, हे 'सायन्स'मध्ये २०१२ साली आलेल्या पाहणीने दाखवून दिले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विधी महाविद्यालयातला प्राध्यापक इथे एकदाच येणारा. त्याला पदोन्नतीपुरते दोन निबंध छापून हवे असतात. नियम कसा असावा याचा विचार करण्याइतकी उसंत त्याला नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये गुणांकांची पद्धत आणली. निबंध मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली. मग २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी १,००९ पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासली तेव्हा निकषांवर उतरली अवघी ११२. मे २०१८ मध्ये आयोगाने यादीतून ४,३०५ नावे काढली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आधाराने 'केअर' यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. पंधरा वर्षांत नियम इतक्या वेळा बदलले, पण त्या प्राध्यापकाची बाजू तसूभरही बळकट झाली नाही. गॅलंटर यांना यात आश्चर्य वाटले नसते. नुसता नियम बदलून दुबळ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, दुबळे पक्षकार संघटित होऊन स्वतःच पुन्हा पुन्हा येणारे झाले तरच पारडे हलते, हा त्यांच्या लेखाचा गाभा आहे.

यावर येणारा पहिला आक्षेप गंभीर आहे, कारण तो बऱ्याचदा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच तोंडून येतो. आकडे काढून टाकले तर पुन्हा वशिला, जात आणि गुरूची मर्जी यांचेच राज्य येईल. निदान आकडा तरी आडनाव विचारत नाही, असे ते म्हणतात. निवड समित्यांचा इतिहास पाहता हा आक्षेप झटकून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणूनच मोजणी बंद करा असे मी म्हणत नाही. पण आकडा आडनाव विचारत नसला तरी पत्ता विचारतो, भाषा विचारतो. दुसरा आक्षेप असा की चांगले काम आपोआप वर येतेच. गॅलंटर यांचा लेख अनेक नियतकालिकांनी परत पाठवला होता. तो अखेर छापून आला, तेव्हा 'लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू'चे संपादक ते स्वतःच होते. गेल्या शतकातल्या एवढ्या प्रभावी लेखालाही संपादकाच्या खुर्चीची मदत लागली असेल, तर ज्यांना ती खुर्ची कधी मिळाली नाही त्यांचे किती लेख तसेच राहिले असतील?

आता संशोधनाच्या कलाबद्दल थोडेसे. शीर्षकांतले आणि सारांशांतले शब्द गोळा करून कोणता विषय चढतो आहे, कोणता उतरतो आहे याचे नकाशे काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती निरुपयोगी नाही. मात्र हे नकाशे सूचीत असलेल्या, म्हणजे मुख्यतः इंग्रजी, नियतकालिकांचे असतात. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याविषयी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे लिहिले गेले ते बहुतांशी मराठीत, वृत्तपत्रांत, साप्ताहिकांत, चळवळींच्या पुस्तिकांत. त्याची परिणती २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात झाली. कायदा झाल्यावर इंग्रजी निबंध येतील आणि नकाशावर तो विषय नव्याने उगवल्यासारखा दिसेल. ज्यांनी तो उभा केला ते त्या नकाशात कुठेच नसतील.

म्हणून एक काम आपण या परिषदेत हाती घ्यावे असा माझा आग्रह आहे. महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांच्या आणि समाजशास्त्र विभागांच्या ग्रंथालयांनी मिळून कायदा आणि समाज या विषयावरच्या मराठी व इंग्रजी लेखनाची सामाईक सूची करावी. त्यात लेखाला मिळालेले संदर्भ तर नोंदवावेतच, पण उच्च न्यायालयाच्या व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतले, विधी आयोगाच्या अहवालांतले, विधिमंडळाच्या चर्चांतले उल्लेखही नोंदवावेत, आणि लेख छापून झाल्यावर पंधरा-वीस वर्षांपर्यंत ही नोंद चालू ठेवावी. घरचीच सूची म्हणजे घरचेच प्रशस्तिपत्र होईल, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. तिला उत्तर एकच: सूचीत येणाऱ्या नियतकालिकाने लेखांचे परीक्षण कोणत्या रीतीने होते, आलेल्यांपैकी किती परत जातात आणि संपादक मंडळावरच्यांचेच किती छापले जातात, हे दरवर्षी उघड करावे, जे करणार नाही त्याला सूचीत घेऊ नये. सगळे एकदम होणार नाही. सुरुवात मथुरा खटल्यापासून १९८३ च्या दुरुस्तीपर्यंतच्या लेखनाने करता येईल, कारण त्याचे कागद अजून ग्रंथालयांत आहेत आणि त्या काळात लिहिणारी काही माणसे आजही विचारायला आपल्यात आहेत. उद्याच्या दुपारच्या सत्रात कोणते ग्रंथालय कोणती वर्षे घेणार याची वाटणी करावी, अशी मी सभेला विनंती करतो.