शहापूर-मुरबाडचा मजूर आणि बेकारीचा भत्ता

दसरा जवळ आला कीं शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांतील कातकरी वाड्यांवर एक इसम फिरूं लागतो. तो भिवंडी-कल्याणकडील एखाद्या वीटभट्टीचा मुकादम असतो. त्याच्या खिशांत रोख पैसा असतो, आणि कागद, दाखला, ओळखपत्र ह्यांपैकीं कांहीं न मागतां तो पैसा जोडप्याच्या हातावर ठेवतो. ह्या रकमेला बयाणा म्हणतात. भाताची कापणी उरकली कीं पुढील पावसापर्यंत शेतांत हाताला काम उरणार नाहीं, हें देणाऱ्याला ठाऊक असतें आणि घेणाऱ्यालाहि. बयाणा घेतला म्हणजे कुटुंबाचे पुढचे सहा-सात महिने विकले गेले. मुलांची शाळा सुटते, म्हातारीं माणसें वाडीवर मागें राहतात, आणि वैशाखाच्या अखेरीस हजार विटांच्या दरानें हिशेब होतो तेव्हां जुनें देणें फिटण्याऐवजीं नवें निघाल्याचें पुष्कळदां आढळतें.

मुकादमाच्या ह्या रोख पैशाशीं स्पर्धा करील अशी एकच वस्तु सरकारपाशीं आहे, ती म्हणजे रोजगाराची हमी. तिचा उगम महाराष्ट्रांतलाच. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे ह्यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील विसापूर येथें हा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ती योजना राज्यभर पसरली, १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. पैसा कोठून आणावयाचा, ह्यासाठीं १९७५ च्या कायद्यानें नोकरदारांवर व धंदेवाईकांवर व्यवसायकर बसविण्यांत आला होता. मुंबईचा कारकून पगाराच्या पत्रकावर ही वजावट दरमहा पाहतो आणि बहुधा तिचा मूळ हेतु विसरून जातो. तोच कारकून भातसा, तानसा व वैतरणा ह्यांचें पाणी पितो, आणि त्या धरणांचा शेजार लाभलेले शहापूर तालुक्यांतले पाडे मात्र उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात! तेव्हां ह्या कराला कोणी परोपकार म्हणूं नये. तें पाण्याचें देणें समजलें तरी चालेल.

कायद्याचा गाभा असा कीं, प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितलें तर सरकारनें तें पंधरा दिवसांच्या आंत द्यावें, आणि न दिल्यास बेकारीचा भत्ता द्यावा. १९७७ च्या कायद्यांत हा भत्ता रोजचा अवघा एक रुपया होता. पुढें २००५ सालीं संसदेनें सर्व देशासाठीं कायदा केला. त्यानें प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षांत शंभर दिवसांची हमी दिली. त्यापुढील दिवसांचा भार महाराष्ट्र सरकारनें आपल्या तिजोरीवर घेतला. भत्ता मजुरीशीं जोडण्यांत आला: पहिले तीस दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा, त्यापुढें निदान निम्मा. २०२५-२६ सालीं महाराष्ट्रांतील मजुरीचा दर रोजचा ३१२ रुपये होता. म्हणजे भत्ता प्रथम ७८ रुपये व नंतर १५६ रुपये. डोळखांब किंवा टोकावड्याकडील घराला ही रक्कम उपेक्षणीय नाहीं.

इंग्लंडांत १९११ सालीं बेकारीच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हां विमा भरलेल्या कामगाराला काम देणाऱ्या कचेरींत हजेरी लावून आपण बेकार आहों व कामास तयार आहों हें दाखवावें लागे. आपल्याकडील मजुरानें विमा भरलेला नसतो. परंतु कामास तयार असल्याचा पुरावा त्यालाहि द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे कामाच्या मागणीचा लेखी अर्ज. महाराष्ट्रांत हा अर्ज नमुना ४ मध्यें करावयाचा आणि नमुना ५ मध्यें त्याची तारीख घातलेली पोच घ्यावयाची, अशी पद्धति पडली. हा दुसरा कागद तळहाताएवढा असेल, पण पंधरा दिवस मोजावयाचे ते त्यावरील तारखेपासून. तारीख नाहीं तर पंधरावा दिवस नाहीं, आणि पंधरावा दिवस नाहीं तर भत्ताहि नाहीं.

आणि नेमका हाच कागद मिळत नाहीं. मजूर तोंडानें काम मागतो, त्याला तोंडानेंच उत्तर मिळतें. “साहेब तालुक्याला गेले आहेत, सोमवारीं या.” “आधीं काम मंजूर होऊं द्या, मग अर्ज घेऊं.” दुसरें उत्तर तर कायद्याला अगदीं उलटें आहे, कारण आधीं मागणी व मग काम हाच त्याचा क्रम. असें कां घडतें हें समजून घेण्यासारखें आहे. २००५ च्या कायद्यांत मजुरीचा पैसा केंद्राचा होता, पण बेकारीचा भत्ता राज्याच्या तिजोरींतून जावयाचा होता. शिवाय भत्ता दिला म्हणजे काम पुरवितां आलें नाहीं अशी लेखी कबुलीच झाली. असली कबुली कोणता अंमलदार खुषीनें देईल? मागणीच नोंदविली नाहीं म्हणजे बेकारीहि उरत नाहीं, निदान दप्तरांत तरी. ह्यांत प्रत्येक वेळीं दुष्टावा असतोच असें नाहीं. कित्येकदां तो केवळ अंग चोरण्याचा प्रकार असतो. उपाशी राहणाऱ्याला मात्र ह्या दोहोंत फरक वाटत नाहीं.

मजुराकडेहि कर्तव्यें होतींच. काम सांगितल्यावर पंधरा दिवसांत त्यानें हजर झालें पाहिजे. पाडा सोडून माहेरीं गेलेली बाई आठवड्याहून अधिक दिवस विनापरवानगी गैरहजर राहिली, तर भत्त्याचा तिचा हक्क तीन महिने बंद पडे. परंतु काम मागण्याचा हक्क ह्यामुळें जात नसे. “तुझें नांव गेलें, आतां काम नाहीं,” असें तिला कोणी सांगितलें तर तें खोटें होय. काम गांवापासून पांच किलोमीटरच्या आंत द्यावयाचें, आणि त्याहून दूर दिल्यास मजुरी दहा टक्क्यांनीं वाढवावयाची, हेंहि कलमांत होतें. कसाऱ्याच्या डोंगरांत पांच किलोमीटर म्हणजे काय, हें कलम लिहिणाऱ्यांनीं पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

दाद कोठें मागावयाची? पंचायतींत अर्ज घेत नसतील तर तो थेट तहसीलदाराकडे देतां येई, कारण महाराष्ट्रांत तालुक्याचा कार्यक्रम अधिकारी तोच. त्यानें तक्रार वहींत नोंदवून सात दिवसांत निकाल द्यावयाचा. त्यावर जिल्हाधिकारी, आणि जिल्ह्यासाठीं नेमलेला तक्रार-निवारण अधिकारी. कायदा मोडणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. प्रत्येक पायरीवर तक्रार लेखी असावी, तिच्यासोबत पोचेची नक्कल जोडावी आणि मूळ कागद कोणाच्याहि हातीं देऊं नये. वाडीवरल्या कुडाच्या घरांत पावसाळ्यांत कागद टिकत नाहीं, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून ठेवणें ही क्षुल्लक गोष्ट समजूं नये.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यांत दिवसांची संख्या १२५ झाली, मात्र पेरणी व कापणीच्या ऐन हंगामांत एकूण साठ दिवसांपर्यंत कामें बंद ठेवण्याची मुभाहि आली. पंधरा दिवसांत काम नाहीं तर भत्ता, हें सूत्र त्यांतहि राखलेलें आहे. तेव्हां पोचेचें महत्त्व पूर्वीइतकेंच राहिलें.

राहतां राहिला प्रश्न वेळेचा. मुकादम आज पैसे देतो, कायदा पंधरा दिवस थांबावयास सांगतो. ज्याच्या घरांत आठ दिवसांचे तांदूळ आहेत त्यानें काय करावें? २००५ च्या कायद्यानें ह्यावर एक तोड ठेविली होती, पण ती फारच थोड्यांस ठाऊक झाली. काम अमुक तारखेपासून हवें असा अर्ज आगाऊ देतां येत असे, आणि अनेकांनीं मिळून एकत्रहि देतां येत असे. आतां २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुधा दसऱ्याच्या आसपासच भरते. त्या दिवशीं पंचायतीचा अधिकारी, सरपंच आणि सारा गांव एके ठिकाणीं असतो. वाडीवरील दहा-वीस कुटुंबांनीं कापणीनंतरच्या कामाची मागणी त्याच सभेंत एकत्र दिली, तर सगळ्यांना मिळून “सोमवारीं या” असें सांगणें सोपें जात नाहीं. पोच घेऊन तीं वाडीवर परततील तेव्हां मुकादम कदाचित् आंब्याखालीं बसलेला असेल. त्या दिवसापुरतें तरी त्याला “विचार करून सांगतों” असें म्हणतां येईल.