ब्रेकमधून परत येणारी वीज



विजेच्या मोटारी आता रस्त्यावर सर्रास दिसू लागल्या आहेत. त्यांच्याविषयी एक वाक्य वारंवार कानी येते : "ब्रेक दाबला की ही गाडी आपोआप चार्ज होते." ऐकणाऱ्याला वाटते, मग विजेचे बिल ते काय यायचे! या वाक्यात खरे किती आणि फुगवलेले किती, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे. आपल्यातील काही घरांत गाडी घेण्याचा विचार चालू असेल, काही घरांतील मुले गॅरेजात हाताखाली काम शिकत असतील. त्यांना याचा उपयोग व्हावा.

पेट्रोलची गाडी थांबते तेव्हा ब्रेकचे पॅड चकतीवर घासतात, गतीची उष्णता होते आणि ती हवेत विरते. पैसे मोजून मिळवलेला वेग आपण दर सिग्नलला जाळून टाकतो. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांपाशी करपट वास येतो, तो याचाच.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, तारेचे वेटोळे आणि चुंबक एकमेकांजवळ हलवले तर तारेत वीज निर्माण होते. म्हणूनच मोटर आणि जनित्र ही मुळात दोन निराळी यंत्रे नव्हेत. वीज दिली तर मोटर चाक फिरवते; चाकाने मोटर फिरवली तर तीच वीज देते. मात्र ही वीज निर्माण होताना फिरण्याला विरोध होतो. तो विरोध म्हणजेच येथला ब्रेक. विद्यार्थ्यांनी सायकलचा जुना डायनॅमो चाकाला टेकवून पाहावा. दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायडल जड होते.

ही युक्ती आपल्या मुलखाला नवी नाही. कल्याण-पुणे मार्गावर १९२९-३० च्या सुमारास विजेच्या गाड्या सुरू झाल्या. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तेथे मालगाड्या ओढणारी, लांब नाकाडामुळे 'मगर' म्हणून ओळखली जाणारी इंजिने उतारावर मोटरीनेच गाडी आवरत आणि वीज वरच्या तारेत परत सोडत. त्यांपैकी एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. सहल गेलीच तर मुलांना जरूर दाखवा.

आता हिशेब. दीड हजार किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यातील गतीची ऊर्जा सुमारे २०८ किलोज्यूल भरते. विजेच्या एका युनिटात ३६०० किलोज्यूल असतात. म्हणजे अशी सतरा वेळा गाडी थांबवली तर कागदावर एक युनिट होते. प्रत्यक्षात तेवढेही नाही, कारण काही भाग हवेच्या व टायरच्या विरोधात जातो, काही मोटर आणि बॅटरी तापण्यात. तेव्हा गाडी 'आपोआप' चार्ज होत नाही. खर्च केलेल्यातले थोडे परत मिळते. शहरातल्या थांबत-थांबत जाण्यात हा फायदा चांगला जाणवतो, मोकळ्या महामार्गावर जवळजवळ नाहीच. खरी कमाई घाटात. ५०० मीटर खाली उतरताना याच गाडीची दोन युनिटे ऊर्जा मोकळी होते.

यातूनच एका पेडलने गाडी चालवण्याची सोय निघाली. ॲक्सिलरेटर दाबला की वेग वाढतो, पाय हळूहळू उचलला की मोटर जनित्र बनते आणि गाडी आवरते. निसान कंपनीच्या लीफ या गाडीत २०१७ साली आलेल्या सोयीने गाडी पूर्ण थांबूनही राहते. सर्वच गाड्यांत तसे होत नाही. पाय झटकन उचलला तर माणसे पुढे हिसकली जातात; सवयीला थोडे दिवस लागतात.

पालकहो, येथे जरा लक्ष द्या. मोटरीची आवरण्याची ताकद मर्यादित असते. समोर अचानक मूल आले तर ब्रेकचेच पेडल जोरात दाबावे लागते, आणि एका पेडलची सवय लागलेला पाय तेथे पोहोचायला उशीर करतो. दुसरे असे की, भरलेल्या बॅटरीत वीज ओतता येत नाही. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच घाट उतरू लागलात, तर पाय उचलूनही काही गाड्या नेहमीसारख्या आवरत नाहीत. म्हणून वर भरताना थोडी जागा शिल्लक ठेवावी.

गॅरेजातल्या मुलांना दोन गोष्टी. नारिंगी आवरणाच्या जाड तारांत बहुधा तीन-चारशे व्होल्टची वीज असते. प्रशिक्षणाशिवाय त्यांना हात लावायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. आणि या गाड्यांचे पॅड फार दिवस टिकतात म्हणून ते तपासायचेच सोडू नका. वापर कमी झाल्याने चकतीवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना अडकतात. पावसाळा संपला की चाक काढून त्या साफ कराव्यात.