छोट्या इंजिनाची निगा



मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मग यंत्रावर बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, गेल्या आषाढात ऐन वाफशावर आमच्या दादांचा पेट्रोलचा वीडर सोयाबीनच्या ओळीत खाड्‌दिशी थांबला, तो थांबलाच. दोरी ओढावी तर हलेना. मिस्त्रीने इंजिन उघडले, तर आत तळाशी काळेकुट्ट तेल, तेही नावापुरते. आणि कनेक्टिंग रॉड मोडलेला. दुरुस्तीला आठ दिवस गेले. तोवर तण पिकाच्या डोक्यावर! खुरपणीला माणसे लावावीत, तर त्या दिवसांत ती मिळतात कुठे?

आता यातले इंगित पाहा. मोटारीच्या इंजिनात तेल पंपाने फिरते, आणि दाब उतरला की दिवा लागतो. या लहान चार-स्ट्रोक इंजिनात बहुधा पंप नसतो. रॉडच्या टोकाला एक पळी असते. ती खालचे तेल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर सारा कारभार चालतो. तेल जरा खाली गेले की पळी कोरडी फिरते. बरे, दादा तेल पाहत नव्हते असेही नाही. पाहत होते, पण यंत्र उतारावर उभे करून! तेल एका अंगाला जमायचे आणि पट्टी भरलेली दिसायची.

तेव्हा रोज काम सुरू करण्यापूर्वी, सपाट जागी, थंड इंजिनात तेल पाहावे. पट्टी आटे फिरवून पाहायची की नुसती बुडवून, हे यंत्राच्या पुस्तिकेत असते. ती पुस्तिका माळ्यावर टाकू नका. नव्या इंजिनाचे पहिले तेल लवकर, साधारण १० ते २० तासांतच बदलायचे असते, कारण नवे भाग घासून निघालेला कीस त्यात उतरतो. पुढे ५० ते १०० तासांनी. तास मोजायचे कसे? दादांची सातवीतली मुलगी हल्ली दारामागे खडूने तासाला एक रेघ ओढते. गुरुजी, गणिताच्या तासाला हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

धूळ हा दुसरा वैरी. हवेच्या गाळणीतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुवावा, पुरा वाळवावा, तेलाचे चार थेंब देऊन पिळावा. कागदी गाळणी मात्र धुवू नये; हलके झटकावी, फारच मळली तर बदलावी. गाळणी काढून ठेवून इंजिन चालवणारेही मी पाहिले आहेत. त्यांना काय म्हणावे!

हंगाम संपला की टाकीतले पेट्रोल काढून घ्या आणि कार्बोरेटरमध्ये उरलेले संपेपर्यंत इंजिन चालू द्या. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्याचा चिकटा बारीक छिद्रांत बसतो. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते. मृगाला दोरी ओढून खांदा दुखतो तो बहुधा यानेच.

फवारणीचे किंवा गवत कापण्याचे यंत्र दोन-स्ट्रोक असेल तर तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका, माप ठेवा. आणि पात्यात गुंतलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी उपसून बाजूला करा. पाते हाताने फिरवले की बंद इंजिनसुद्धा कधी कधी एखादा ठोका घेते.