सायकलची मागची बाजू

ऊसगाळप सुरू झालं की कोपरगाव, राहाता, राहुरीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्याच रस्त्यांवर अंधारात पहाटे दूध घालायला किंवा संध्याकाळी क्लासवरून सायकलवर येणारी आपली माणसं असतात. त्यांच्यासाठी पहिली खरेदी मागच्या लाल दिव्याचीच व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. दिवा सरळ मागे रोखलेला हवा. पिशवी किंवा कॅनच्या आड तो गेला, तर असून नसल्यासारखा. पॅडलला आणि घोट्याला चमकपट्टी लावा. पाय वरखाली होताना ती हलते, म्हणून चालकाला माणूस चटकन ओळखू येतो.

सायकलच्या मागे लावायचं रडार महाग असतं, पण काम मोलाचं करतं. चांगलं रडार सुमारे 140 मीटरवरून मागची गाडी टिपतं. गाडी ताशी 60 आणि सायकल 20 किलोमीटर वेगात असेल, तर बारा-तेरा सेकंद आधी इशारा मिळतो. मात्र सायकलच्याच वेगाने मागून येणारं वाहन त्याला कळेलच असं नाही. मान वळवून बघणं सोडू नका.

कॅमेरा धडक टाळत नाही. घडलेल्याचा पुरावा देतो. तो शेवटी घ्या आणि नंबरप्लेट रात्री वाचता येते का, हे दुकानातच तपासा.