दुधाचा दात आणि नवे हाड
(इंदूर येथील महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पडलेला दुधाचा दात कौलांवर टाकावा, ही आपली जुनी रीत. इंदुरात माझ्या नातवाचा दात पडण्याच्या सुमारास मात्र, पैसे भरून तो पेढीत जतन करावा, म्हणजे पुढे त्यातून हाड निर्माण करता येईल, असा सल्ला घरी आला. आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे कागद वाचल्याखेरीज सही करणे माझ्या हातून होत नाही. तेव्हा वाचले.

२००३ साली अमेरिकेत सोंगताओ शी प्रभृती संशोधकांनी दुधाच्या दातांच्या गरात मूळपेशी असल्याचे दाखविले. उंदरांच्या शरीरात रोपल्यावर त्या स्वतः हाड झाल्या नाहीत. त्यांनी उंदरांच्याच पेशींना पाचारण करून हाड घडविले. देवालयाच्या जीर्णोद्धारात एखादा जाणता पुढे होतो आणि सारा गाव कामाला लागतो, तसेच हे!

परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ नाळेतील रक्ताच्या पेढीस मुभा होती, दातांच्या पेढीस नव्हती.

विज्ञानाविषयी आदर अवश्य असावा. आशेपोटी घाईची सही नसावी. आमच्या घरावर कौले नाहीत. नातवाने दात गच्चीवर टाकला.