शापाची मुदत

भयपटांविषयी बोलताना आपण भुताखेतांच्या अक्राळविक्राळ रूपांचेच वर्णन करीत बसतो. परंतु ज्या चित्रपटाचा गाभा शाप हा आहे, त्यातले खरे भय शापाच्या अटींत आणि मुदतीत साठवलेले असते, असे माझे मत आहे, आणि ते मी १९५७ साली इंग्लंडात निघालेल्या ‘नाइट ऑफ द डेमन’ या चित्रपटाच्या आधारे आपणापुढे मांडणार आहे.

एम. आर. जेम्स या व्यासंगी पंडिताच्या १९११ सालच्या संग्रहातील एका कथेवरून दिग्दर्शक झाक तूर्नर यांनी तो बनवला. जादूटोण्याचे थोतांड उघडकीस आणण्यासाठी लंडनला आलेल्या डॉ. होल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात कार्सवेल नावाचा मांत्रिक भेटतो, आणि त्याचे कागद उचलून देण्याच्या सौजन्याच्या मिषाने प्राचीन रून लिपीतील अक्षरांचा एक चिटोरा त्यांत सरकवून देतो. समन्साची बजावणी व्हावी तसा हा प्रकार आहे: ज्याच्यावर ती झाली त्याला पत्ताही नाही, आणि तरीही मुदत मोजली जाऊ लागली आहे. पुढे होल्डनच्या टिपणवहीतील २८ तारखेनंतरची, म्हणजे मुदत संपल्यानंतरची, पाने फाडलेली आढळतात. त्या फाटलेल्या पानांनी मला जितके अस्वस्थ केले, तितके कोणत्याही राक्षसाने केलेले नाही.

याहून विलक्षण प्रसंग शेकोटीचा आहे. तो चिटोरा हातातून निसटून जिवंत असल्याप्रमाणे आगीकडे झेपावतो आणि पुढच्या जाळीला अडकून फडफडत राहतो. शाप टाळावयाचा, तर मुदत संपण्यापूर्वी हा चिटोरा ज्याने दिला त्यालाच परत घ्यावयास लावला पाहिजे; तो जळाला, तर ते साधनच नाहीसे व्हावयाचे. कागद वाऱ्याने उडाला, असे म्हणण्यास होल्डन अद्याप मोकळा आहे. आपल्याला मात्र त्या कागदाची दिशा दिसलेली असते.

कालिदासालाही हे मर्म ठाऊक होते. दुर्वासाचा शाप शकुंतलेच्या कानी पडत नाही, सख्याही तो तिला सांगत नाहीत, आणि शचीतीर्थात गळून पडलेली अंगठी बोटात नाही असे राजापुढे उभी असताना तिला आढळते तेव्हा आपले काय हरपले याची जाणीव तिच्याखेरीज आपणा सर्वांना असते.

निर्माते हॅल चेस्टर यांच्या आग्रहामुळे चित्रपटाच्या आरंभीच राक्षस धडधडीत पडद्यावर उभा करण्यात आला, याचा मला मनापासून खेद वाटतो. तूर्नर यांनाही ते रुचले नव्हते. संशयाला जी जागा हवी होती, ती त्यामुळे आक्रसली. तथापि चित्रपट वाचला, आणि तो कार्सवेलमुळे. नायल मॅक्‌गिनिस यांनी रंगवलेला हा मनुष्य विदूषकाच्या वेषात मुलांना जादूचे खेळ दाखवतो, आईशी मृदूपणे बोलतो, आणि तिच्यापाशी कबूल करतो की आपले अनुयायी आपल्याला भितात त्याचप्रमाणे आपणही भयापोटीच हे सारे करीत आहोत. शाप देणाराही त्याच कायद्याच्या अंमलाखाली आहे, हे कळताच त्या कायद्याची हुकूमत कितीतरी पटींनी वाढते.

म्हणूनच अखेरच्या आगगाडीच्या प्रवासात कार्सवेल होल्डनच्या हातून काडीइतकीही वस्तू घेण्यास धजत नाही. आणि विश्वास ठेवण्यास इतका काळ नकार देणारा तो शास्त्रज्ञ, घड्याळावर नजर ठेवून, कार्सवेलचाच कोट त्याच्या हाती देतो, ज्याच्या खिशात चिटोरा आहे.