उपचाराची सीमा : ॲक्युपंक्चर व निसर्गोपचाराकडे प्रथमच वळणाऱ्या रुग्णांसाठी



म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यापासून निघते आणि सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग आक्रमून बन्नीमंटपाशी विसावते. कन्नड भाषेत बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासाला जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली आणि योग्य वेळ येताच ती उतरविली, अशी कथा आहे; म्हणूनच विजयादशमीला शमीचे पूजन होते आणि सीमोल्लंघनाची प्रथा पाळली जाते. शस्त्र कोणते, ते केव्हा हाती घ्यावे आणि त्याची मर्यादा कोणती, हे प्रश्न आरोग्याच्या क्षेत्रातही तितकेच महत्त्वाचे आहेत.

बन्नीमंटप परिसरात १९८४ साली स्थापन झालेले जेएसएस वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हैसूर शहरात १९०८ पासूनची परंपरा सांगणारे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तसेच २००६ साली सुरू झालेले शासकीय निसर्गोपचार व योग महाविद्यालयही आहे. एकाच शहरात इतक्या चिकित्सापद्धती शेजारी-शेजारी नांदत असताना रुग्णाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते. परंतु माहितीवाचून मिळालेले स्वातंत्र्य घातकही ठरू शकते. गुडघेदुखीसाठी सुया टोचून घेणे ही एक गोष्ट आहे, आणि मधुमेहाचे इन्सुलिन बंद करून केवळ उपवासावर विसंबणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. नव्या रुग्णाला हा भेद उपचार सुरू होण्यापूर्वीच कळला पाहिजे.

दोन शस्त्रक्रिया, एक बोध

निसर्गोपचाराचे भारतातील सर्वांत मोठे पुरस्कर्ते महात्मा गांधी होते. दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यापासूनच त्यांनी माती, पाणी, आहार व उपवास यांचे प्रयोग स्वतःवर केले होते. तथापि, येरवडा तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा दाह झाला, तेव्हा १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. गांधीजींनी तिला संमती दिली होती. या घटनेनंतर निसर्गोपचारावरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. १९४६ साली त्यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि त्याची धुरा पुढे मणिभाई देसाई यांनी वाहिली.

ॲक्युपंक्चरच्या इतिहासातही आंत्रपुच्छाचीच एक शस्त्रक्रिया गाजली. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर जुलै १९७१ मध्ये पेकिंगच्या रुग्णालयात ती झाली. त्यांनी लिहिलेला वृत्तांत प्रसिद्ध होताच पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. सुया टोचून भूल दिली गेली, असा समज त्यातून पसरला. वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. शस्त्रक्रिया नेहमीच्या पद्धतीने, बधिरीकरणाचे औषध टोचूनच झाली होती. सुयांचा उपयोग झाला तो नंतर, पोटातील अस्वस्थता कमी करण्यासाठी.

या दोन्ही घटनांचा बोध एकच आहे. आंत्रपुच्छ काढण्याचे काम शल्यचिकित्सकाने केले. आहार, विश्रांती वा सुया यांचे स्थान त्याच्या शेजारी राहिले, त्याच्या जागी नव्हे. प्रस्थापित उपचारासोबत घेतली जाते ती पूरक चिकित्सा. तो सोडून घेतली जाते ती पर्यायी चिकित्सा. हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमेरिकेतील कर्करोग नोंदणीच्या आधारे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांशी करण्यात आली. पर्यायी उपचार निवडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता.

पद्धतींचे स्वरूप

ॲक्युपंक्चर ही मूळची चिनी पद्धती आहे. शरीरातून वाहणाऱ्या 'ची' नामक प्राणशक्तीचे मार्ग व त्यांवरील बिंदू ही तिची पारंपरिक मांडणी. हे मार्ग शरीररचनाशास्त्रात आढळलेले नाहीत. मज्जातंतूंना मिळणारी चेतना आणि मेंदूतून स्रवणारी वेदनाशामक द्रव्ये यांच्या आधारे आधुनिक संशोधक तिच्या परिणामाचे स्पष्टीकरण देतात. या पद्धतीचा भारतातील प्रसार एका मराठी नावाच्या सहवासात झाला. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेऊन कोलकात्यात ती चिकित्सा सुरू केली.

निसर्गोपचारात मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, सूर्यस्नान, मर्दन, आहारनियमन व उपवास यांचा समावेश होतो. औषधाविना उपचार हे तिचे मूलतत्त्व होय. त्यामुळे निसर्गोपचाराच्या नावाखाली कोणी घटकांचा उल्लेख नसलेली पुडी वा गोळी हाती देऊ लागल्यास रुग्णाने तेथेच सावध व्हावे. 'नैसर्गिक' हा शब्द 'निर्धोक' या शब्दाचा पर्याय नव्हे.

पुरावा काय सांगतो

जुनाट वेदनांवरील ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाठ, मान व गुडघा यांच्या जुनाट वेदना आणि डोकेदुखी यांत ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांच्या तुलनेत ते घेणाऱ्यांना लक्षणीय आराम मिळाला. मात्र खोट्या, म्हणजे केवळ देखाव्यासाठी केलेल्या टोचणीशी तुलना केली असता फरक बराच लहान होता. याचा अर्थ असा की, लाभाचा मोठा भाग उपचारकाने दिलेला वेळ, स्पर्श व रुग्णाची अपेक्षा यांतून येत असावा. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी करण्यासाठी मनगटाच्या आतील बाजूस, घडीपासून तीन बोटे वर असलेल्या बिंदूचा उपयोग होतो, यास चाचण्यांचा आधार आहे.

तज्ज्ञांचे मतैक्य सर्वत्र नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. त्याच संस्थेने २०२१ साली ठरावीक प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी त्याचा विचार करता येईल असे म्हटले. एकाच पद्धतीविषयी आजारागणिक निष्कर्ष बदलतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. सर्व रोगांवर एकच इलाज असल्याचा दावा म्हणूनच संशयास्पद ठरतो.

पहिल्या भेटीत

उपचारकाकडे जाण्यापूर्वी रोगाचे निदान झालेले असावे. छातीत दुखणे, अचानक हातपाय लुळे पडणे, दीर्घकाळचा ताप, वजन झपाट्याने घटणे किंवा न दुखणारी गाठ ही लक्षणे असल्यास प्रथम रुग्णालय गाठावे. सुरू असलेली औषधे, गर्भधारणा, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयातील पेसमेकर, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार व फिटचा त्रास यांची माहिती उपचारकाला न विचारताही द्यावी. पेसमेकर असलेल्यांनी सुयांतून विद्युतप्रवाह देणारा प्रकार टाळणे इष्ट.

ॲक्युपंक्चरची सुई भरीव व केसासारखी बारीक असते. ती शिरताना किंचित टोचते, नंतर जडपणा वा मुंग्या जाणवतात. साधारणतः वीस ते तीस मिनिटे सुया ठेवल्या जातात. अगदी रिकाम्या पोटी जाऊ नये, कारण भोवळ येऊ शकते. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी आणि तिचे पाकीट रुग्णासमोर उघडले जावे, हा आग्रह धरण्यात संकोच नसावा. वापरलेल्या सुईतून यकृतदाहाचे विषाणू पसरू शकतात. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार अशा सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाच्या असतात. तो डबा दिसला नाही, तर विचारावे.

जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के रुग्णांनी काही ना काही त्रास नोंदविला. त्यांपैकी बहुतेकांचा त्रास किरकोळ रक्तस्राव वा वेदना असाच होता, २.२ टक्के रुग्णांना त्यासाठी उपचार घ्यावे लागले. दोन रुग्णांच्या फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरली. प्रशिक्षित हातांत ही पद्धती बहुतांशी सुरक्षित आहे. परंतु छातीवर चुकीच्या खोलीवर गेलेली सुई जिवावर बेतू शकते.

निसर्गोपचारात खरी जोखीम उपवास व उष्ण उपचारांत असते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. गर्भवती, कुपोषित व्यक्ती आणि मूत्रपिंडविकाराचे रुग्ण यांनी दीर्घ उपवास टाळावा. हृदयरोग असणाऱ्यांनी बाष्पस्नानापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालू औषधात बदल करण्याचा निर्णय ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांसोबतच व्हावा.

पात्रता व कायदा

उपचारकाची पात्रता विचारणे हा अविश्वास नव्हे, तर रुग्णाचा हक्क होय. निसर्गोपचार व योगशास्त्राची बी.एन.वाय.एस. ही पदवी एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांची आहे आणि तिच्या अभ्यासक्रमात ॲक्युपंक्चरही शिकविले जाते. कर्नाटकात निसर्गोपचारकांच्या नोंदणीची तरतूद १९६१ च्या राज्य अधिनियमात आहे. राष्ट्रीय स्तरावर मात्र उणीव आहे. भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० च्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा येतात. योग व निसर्गोपचार येत नाहीत. त्यामुळे राज्याराज्यांत नोंदणीची स्थिती भिन्न आहे.

ॲक्युपंक्चरच्या बाबतीत केंद्र सरकारने २००३ साली उपचाराचा एक प्रकार म्हणून, तर २०१९ साली स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाद्वारे परिषद व नोंदणीची तरतूद केली. संशोधन व शिक्षणासाठी पुण्यात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था १९८६ पासून कार्यरत आहे. २०१४ साली आयुष मंत्रालय स्वतंत्र झाल्यापासून या क्षेत्राला बळ मिळाले आहे. दुसरीकडे, औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग आदी विकार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी आहे. भिंतीवरील अशी हमी वाचताच हा कायदा आठवावा.

समारोप

चिकित्सापद्धतींचे सहअस्तित्व हे भारतीय आरोग्यव्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. ते टिकवायचे असेल तर नियमन, संशोधन व रुग्णशिक्षण या तिन्ही बाजू भक्कम व्हाव्या लागतील. नव्या रुग्णाने चार प्रश्न नेहमी जवळ बाळगावेत : माझ्या आजाराचे निदान काय, या उपचाराचा त्यावर पुरावा कोणता, किती बैठकांनंतर परिणामाचा आढावा घ्यायचा, आणि लाभ न झाल्यास पुढे कोठे जायचे? चांगला उपचारक या प्रश्नांनी दुखावत नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी तयार असते, त्याला आपल्या शास्त्राची सीमा ठाऊक असते. रुग्णाने विश्वास ठेवावा तो अशाच उपचारकावर.